यझू: दोघांचा बँड, दीड वर्षाचा हिशेब

१९८३च्या नाताळात ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या गाण्यात एकही वाद्य नव्हतं. 'द फ्लाइंग पिकेट्स' नावाच्या, डाव्या विचारांच्या नाटकमंडळीतून आलेल्या सहा पुरुषांनी 'ओन्ली यू' हे गाणं नुसत्या गळ्यावर गायलं होतं आणि ते सलग पाच आठवडे अव्वल राहिलं. गंमत अशी, की मूळ 'ओन्ली यू'मध्ये गायिकेचा आवाज सोडला तर बाकी सगळं यंत्रांतून आलेलं होतं. ते मूळ गाणं आदल्या वर्षी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. आणि पिकेट्सचं गाणं गाजत होतं तेव्हा मूळ गाणं करणारा बँड मोडून काही महिने उलटले होते.

त्या बँडचं नाव यझू. माणसं दोनच: यंत्रं सांभाळणारा व्हिन्स क्लार्क आणि गाणारी अ‍ॅलिसन मॉये. १९८१च्या अखेरीस सुरुवात, १९८३च्या मे महिन्यात शेवट. दोन अल्बम, ब्रिटनमध्ये चार सिंगल, म्हणजे एकेका गाण्याच्या तबकड्या, बस्स. एवढ्या छोट्या हिशेबावर लेख लिहायचं कारण असं, की ऐंशीच्या दशकातला सिंथपॉप, म्हणजे सिंथेसायझर या विजेवरच्या वाद्यावर उभं असलेलं पॉप संगीत, हा प्रकार नेमका कसा चालत होता, हे यझूइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच बँडमध्ये दिसत नाही. आणि माझं एक मतही आहे: ज्या कारणाने हा बँड जमला, त्याच कारणाने तो मोडला. यंत्रांनी तिसऱ्या माणसाची गरजच संपवून टाकली होती.

आधी गाव. लंडनच्या पूर्वेला एसेक्समध्ये बॅसिल्डन आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची दाटी कमी करायला सरकारने आखून वसवलेल्या नव्या शहरांपैकी हे एक, १९४९मध्ये जाहीर झालेलं. कामगारांची घरं, नव्या शाळा, आणि संध्याकाळी तरुण पोरांना करायला फारसं काही नाही. क्लार्क इथेच वाढला. त्याचं खरं आडनाव मार्टिन. बँडची नावं स्थानिक वर्तमानपत्रात येऊ लागली तेव्हा तो बेकारभत्ता घेत होता. गाण्याचे पैसे मिळतात हे कचेरीत कळू नये म्हणून त्याने 'क्लार्क' हे नाव घेतलं. मॉये याच भागातली, वडील फ्रेंच. पंक आणि ब्लूजच्या स्थानिक गटांत ती गायची. तिचा आवाज खर्जातला, भरदार, अमेरिकन ब्लूज गायिकांच्या वळणाचा. यंत्रांच्या संगीताशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

क्लार्कचा मात्र चांगलाच होता. १९८१मध्ये तो डेपेश मोड या बँडचा मुख्य गीतकार होता. 'जस्ट कान्ट गेट इनफ' हे आजही लग्नाच्या पार्ट्यांत आणि फुटबॉलच्या मैदानात वाजणारं गाणं त्याचंच. ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, नोव्हेंबरमध्ये पहिला अल्बम आला, आणि अल्बम बाजारात आल्याआल्या क्लार्कने बँड सोडला. दौरे, मुलाखती, फोटो या सगळ्याचा त्याला वैताग होता. पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. हातात एक गाणं होतं, 'ओन्ली यू'. ते कंपनीला ऐकवायला नमुन्याची ध्वनिफीत हवी होती, आणि त्यासाठी गाणारं कुणीतरी. त्याच सुमारास मॉयेने 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात जाहिरात दिली होती, की ब्लूज वाजवणारा बँड हवा आहे. क्लार्कने फोन केला. तो ब्लूज वाजवत नव्हता, तरी केला. दोघं एकमेकांना गावातली म्हणून तोंडओळखीने माहीत होती, मैत्री वगैरे काही नव्हती.

आता यंत्रांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

पेटीत हवेने पट्टी थरथरते, सतारीत तार. सिंथेसायझरमध्ये थरथरतो तो विजेचा दाब. ऑसिलेटर नावाचा भाग हा दाब ठरावीक वेगाने वरखाली करतो. सेकंदाला ४४० वेळा केला, की स्पीकरमधून एक ठरावीक स्वर ऐकू येतो. हा कच्चा स्वर कर्कश असतो. मग फिल्टर त्यातला वरचा, टोचणारा भाग कापतो. तिसरा भाग असतो एन्व्हलप. आवाज एकदम येऊन झटक्यात संपणार, की हळूहळू वर येऊन रेंगाळणार, हे तो ठरवतो. या तीन गोष्टी फिरवून-पिळून बेसही काढता येतो, घंटेसारखा टणकारही, आणि ढोलाचा ठोकाही. तयार आवाजांचं बटण त्या काळच्या स्वस्त यंत्रांवर नसायचं. हवा तो आवाज हाताने घडवायचा, आणि सापडला की मुद्रण होईपर्यंत बटणांना हात लावायचा नाही.

क्लार्कच्या हाताशी एआरपी २६०० आणि प्रो-वन ही दोन अमेरिकन यंत्रं होती. प्रो-वन १९८१मध्ये आलं, तुलनेने स्वस्त. त्याची मर्यादा अशी, की एका वेळी एकच स्वर वाजतो. तीन बोटं तीन पट्ट्यांवर ठेवली तरी आवाज एकाचाच. म्हणजे पाश्चात्त्य संगीताचा पाया जो कॉर्ड, अनेक स्वरांचा एकत्र मेळ, तोच वाजवता येत नाही. दुसरा कुणी हळहळला असता. क्लार्कने या अडचणीचीच शैली केली. एक ओळ बेसची, एक मधली टिपटिपणारी, एक वरची. प्रत्येक ओळ स्वतंत्र वाजवून टेपच्या वेगळ्या पट्टीवर घ्यायची. कॉर्ड कुणीच वाजवत नाही, तो या ओळींच्या मधे आपोआप तयार होतो. 'ओन्ली यू'ची सुरुवात कान देऊन ऐका. एकेक स्वर सुटा, मधे भरपूर मोकळी जागा. त्या काळचे पुष्कळ सिंथ बँड आवाजाच्या जाड थरांनी गाणं भरून टाकायचे. क्लार्क जागा सोडतो, आणि त्या जागेत मॉयेचा आवाज येऊन बसतो.

या ओळी हाताने वाजवलेल्या नव्हत्या. ते काम सीक्वेन्सरचं. क्लार्क वापरत असलेला रोलँड कंपनीचा एमसी-४ दिसायला मोठ्या हिशेबयंत्रासारखा. त्याला पेटीसारख्या पट्ट्याच नाहीत, आकड्यांची बटणं आहेत. प्रत्येक स्वरासाठी तो कोणता, किती वेळाचा, आणि त्यातला किती वेळ प्रत्यक्ष वाजायचा, हे आकड्यांत टाइप करायचं. यंत्र त्या आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करून सिंथेसायझरला पाठवतं. दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. त्या व्होल्टचे बारा भाग केले की सप्तकातले बाराही स्वर मिळतात. झालेलं काम कॅसेटवर साठवायचं. एक गाणं उभं करायला असे शेकडो आकडे. चूक झाली तर कोणत्या ओळीत ते शोधत बसायचं. वादन कमी, कारकुनी जास्त. क्लार्कच्या स्वभावाला ते मानवलं असावं, असं त्याच्या एकूण वागण्यावरून वाटतं.

आणि इथे आपल्याकडच्या श्रोत्याला एक गोष्ट पटकन समजेल. एकल तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात. तीच ओळ, तीच लय, फेरामागून फेरा, जराही न हलता; आणि ती हलत नाही म्हणूनच तबलजी तिच्या मागे-पुढे खेळू शकतो, समेपासून दूर जाऊन परत येऊ शकतो. यझूमध्ये सीक्वेन्सर लेहरा धरतो आणि मॉये तबलजीचं काम करते. 'डोन्ट गो'मध्ये यंत्राची ओळ ठोकळेबाज, जवळजवळ निर्विकार आहे. ती मात्र त्यावर शब्द ओढते, तोडते, उशिरा आणते, ओरडते. सोबतीला खरे वादक असते तर त्यांनी तिच्याबरोबर थोडं झुकणं-सावरणं केलं असतं आणि तो ताण निघून गेला असता. यंत्र झुकत नाही. 'थंड संगीत, गरम आवाज' अशी यझूची तारीफ नेहमी होते. मला ती अपुरी वाटते. मुद्दा तापमानाचा नसून लयीचा आहे.

ध्वनिमुद्रण झालं लंडनच्या साउथवर्क भागात, ब्लॅकविंग स्टुडिओत. उपासना बंद झालेल्या एका चर्चच्या इमारतीत तो होता. चालवणारा एरिक रॅडक्लिफ. त्याच्या नावावरूनच पहिल्या अल्बमचं नाव पडलं, 'अपस्टेअर्स अ‍ॅट एरिक्स'. दिवसा स्टुडिओ दुसऱ्या कलाकाराने घेतलेला असायचा, म्हणून ही दोघं भल्या पहाटे येऊन काम करायची. कंपनी होती म्यूट. डॅनियल मिलर या माणसाने १९७८मध्ये स्वतःचीच एक सिंगल काढण्यासाठी ती सुरू केली होती, आणि डेपेश मोडशीही त्याचा व्यवहार तोंडी शब्दावर चालला होता. मोठ्या कंपनीने अशी विजोड जोडी घेतली असती तर निर्माता दिला असता, चार वादक दिले असते, 'ब्लूज हवा की डिस्को, ते ठरवा' म्हणून सांगितलं असतं. इथे सांगणारं कुणी नव्हतं.

निकाल भराभर लागले. मार्च १९८२मध्ये 'ओन्ली यू', क्रमांक दोन. मग 'डोन्ट गो', क्रमांक तीन. ऑगस्टमध्ये अल्बम, तोही दोनवर. पुढच्या वर्षी ब्रिट पुरस्कारांत उत्कृष्ट नवोदित म्हणून यझू. मधली 'द अदर साइड ऑफ लव्ह' तेराव्या क्रमांकावर थांबली, आणि खरं सांगायचं तर तिला तेवढंच पुरे होतं.

बी-साइडची गोष्ट जास्त रंजक आहे. तबकडीच्या एका बाजूला मुख्य गाणं, तर दुसरी बाजू भरायला काहीतरी लागायचंच. 'ओन्ली यू'च्या मागे टाकायला या दोघांकडे दुसरं गाणंच नव्हतं, म्हणून 'सिच्युएशन' घाईघाईत तयार केलं. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्स्वा केव्होर्कियन या डीजेने त्याचं लांबवलेलं, नाचासाठीचं रूप केलं आणि ते अमेरिकेच्या डान्स यादीत पहिलं आलं. शिकागो आणि डेट्रॉइटच्या ज्या क्लबांतून पुढे हाउस आणि टेक्नो हे यंत्रांवरच्या नाचसंगीताचे प्रकार आले, तिथल्या लोकांनी हे गाणं घासून घासून वाजवलं. गाण्याच्या मधे मॉये मोकळं हसते. तो हशा १९९६मध्ये जगभर गाजलेल्या 'माकारेना'च्या रीमिक्समध्ये उचलला गेला. म्हणजे आपल्याकडच्या गॅदरिंगमध्ये ज्यांनी ज्यांनी 'माकारेना'वर हात फिरवले, त्यांनी यझूची गायिका नकळत ऐकलेली आहे. अमेरिकेत मात्र या बँडला 'यझू' म्हणता आलं नाही. जुन्या ब्लूजच्या तबकड्या पुन्हा काढणारी यझू नावाची कंपनी तिथे आधीपासून होती, त्यामुळे तिकडे नाव नुसतं 'यझ'.

याच १९८२मध्ये, तिकडे कुणाच्या गावीही नसताना, मुंबईत चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक रोलँडचीच यंत्रं घेऊन भैरव, ललत, भूपाळी असे राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवत होते. तो अल्बम एचएमव्हीने काढला, कुणी विचारला नाही, आणि अडीच-तीन दशकांनी परदेशी शौकिनांनी शोधून डोक्यावर घेतला. क्लार्क आणि सिंग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एवढंच, की एकट्या माणसाला अख्खा वाद्यवृंद चालवता येईल अशी यंत्रं जपानी कंपन्यांनी त्या दोन-तीन वर्षांत बाजारात आणली, आणि बॅसिल्डन काय, मुंबई काय, ज्याच्या हाती ती पडली त्याने आपल्या परीने तेच केलं.

वादकांना याची भीती वाटली नसती तरच नवल. १९८२मध्येच ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या युनियनच्या मध्य लंडन शाखेत सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालण्याचा ठराव मांडला गेला. तेव्हा त्याची टिंगल झाली. पण मुंबईच्या स्टुडिओंतून व्हायोलिनवाल्यांच्या रांगा पुढच्या काळात कशा ओसरत गेल्या हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना त्या ठरावात हसण्यासारखं फारसं सापडणार नाही.

म्हणूनच त्या काळात ब्रिटनमध्ये जिकडे तिकडे जोड्या दिसतात: सॉफ्ट सेल, ब्लांमांज, युरिदमिक्स, मग पेट शॉप बॉइज. एक गाणार, एक यंत्रं सांभाळणार. ढोलकवाला नको, गिटारवाला नको, सराव करायला मोठी जागा नको, पैशाचे पाच वाटे नकोत. ही झाली सोय. पण जुन्या पद्धतीच्या बँडमध्ये गायक आणि गीतकार यांचं बोलणं बंद झालं, तर मधे ढोलकवाला असतो. तो निरोप पोचवतो, बिअर पाजतो, दौऱ्याच्या गाडीत दोघांच्या मधे बसतो. दोघांच्या बँडमध्ये ही जागाच नसते.

यझूत नेमकं तेच झालं, आणि भांडण म्हणावं असंही काही झालं नाही. दोघं मुळात एकमेकांना नीट ओळखतच नव्हती. विशीच्या उंबरठ्यावरची दोन अबोल, अवघडलेली माणसं; एक स्वभावतः घुमी, दुसरी लाजेपोटी फटकळ. एक ध्वनिफीत करायला एकत्र आली, ती गाजली, म्हणून अल्बम झाला. दुसरा अल्बम करायची क्लार्कला फारशी इच्छा नव्हती. आजूबाजूच्या लोकांनी समजूत घालून तो करायला लावला. 'यू अँड मी बोथ' हे त्याचं नाव, आणि तो करताना ही दोघं स्टुडिओत एकत्र अशी जवळजवळ नव्हतीच. क्लार्कने यंत्रांचं काम उरकायचं, मॉयेने नंतर येऊन गायचं. सीक्वेन्सरने आपला सूड असा घेतला: वाजवणारा हजर असण्याची गरजच उरली नाही. मे १९८३मध्ये 'नोबडीज डायरी' ही शेवटची सिंगल आली, बँड संपल्याचं जाहीर झालं, आणि जुलैमध्ये आलेला अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातली गाणी तेव्हा रंगमंचावर गायलीच गेली नाहीत.

आता पैशाचं. हे समजलं नाही तर बँड मोडण्याची अर्धी गोष्ट समजत नाही. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक गाण्याची रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या गाण्याचं विशिष्ट ध्वनिमुद्रण. रचनेचा मोबदला ज्यांनी ते रचलं त्यांना, मग गाणारं कुणीही असो. ध्वनिमुद्रणाचा मोबदला कंपनीला आणि त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना. 'ओन्ली यू' एकट्या क्लार्कची रचना. त्यामुळे फ्लाइंग पिकेट्सचं गाणं पाच आठवडे खपलं तेव्हा रचनेचे पैसे त्याला मिळाले. ज्या आवाजामुळे ते गाणं लोकांना माहीत झालं, त्या मॉयेला त्यातलं काही मिळायचं कारण नव्हतं. २०१७मध्ये सेलेना गोमेझने तेच गायलं, तेव्हाही तोच न्याय. 'द ऑफिस' या ब्रिटिश मालिकेच्या २००३च्या नाताळ भागात मूळ गाणं वाजलं. तिथे ध्वनिमुद्रणही वापरलं गेलं, म्हणून दोन्ही मालमत्तांचा प्रश्न आला. मॉये मात्र या बाबतीत कोरडी राहिली नाही, कारण ती स्वतः लिहायची. 'नोबडीज डायरी' तिचंच, वयाच्या सोळाव्या वर्षी लिहिलेलं. 'सिच्युएशन'मध्येही तिचा वाटा आहे. माझ्या मते या बँडचं सर्वांत चांगलं गाणं 'नोबडीज डायरी'च आहे. व्हिन्स क्लार्क म्हणजेच यझू, असं मानणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं.

पुढचं थोडक्यात. क्लार्कने रॅडक्लिफबरोबर 'द असेम्ब्ली' काढला. दर गाण्याला वेगळा गायक, म्हणजे कुणाशी जन्माचं नातं नको, अशी कल्पना. पहिलं गाणं चौथ्या क्रमांकावर गेलं, आणि दुसरं आलंच नाही. १९८५मध्ये त्याने 'मेलडी मेकर'मध्येच जाहिरात देऊन अँडी बेल हा गायक शोधला. बेल हा मॉयेच्या आवाजाचा भक्त. सुरुवातीच्या गाण्यांत तर तिची छाप लपत नाही. ती जोडी म्हणजे इरेजर, आणि ती अनेक दशकं टिकली. म्हणजे दोघांचा बँड टिकतच नाही असं नाही. एकमेकांशी बोलणारे दोघं लागतात. मॉयेचा पहिला एकटीचा अल्बम 'अल्फ' १९८४मध्ये आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. 'अल्फ' हे तिचं टोपणनाव.

२००८मध्ये दोघं पुन्हा एकत्र आली, एका दौऱ्यापुरती. दुसऱ्या अल्बममधली गाणी प्रेक्षकांसमोर कधी गायलीच नाहीत, ही मॉयेची सल होती. ती पंचवीस वर्षांनी भागली. नवा अल्बम झाला नाही.

ऐकायचं असेल तर 'ओन्ली यू'नंतर लगेच 'नोबडीज डायरी' लावा, मग 'मिडनाइट' आणि 'विंटर किल्स'. ही शेवटची दोन्ही मॉयेची आहेत आणि रात्री हेडफोनवर जास्त खुलतात. 'सिच्युएशन' लांबवलेल्या रूपातच ऐकावं. पहिल्या अल्बममध्ये 'आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी' नावाचा, बोलण्याचे तुकडे एकमेकांवर चिकटवलेला एक प्रयोग आहे. तो एकदा ऐका आणि दुसऱ्यांदा पुढे ढकला. त्या वेळच्या समीक्षकांनाही तो झेपला नव्हता, आणि चाळीस वर्षांत तो काही सुधारलेला नाही.